नोटिशीला उत्तर देणारा माणूस

माझ्या घरमालकांनी पहिल्या दिवशी मला किल्ली दिली नाही. नोटीस दिली.

मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनच्या अलीकडे त्यांचं दोन मजली, बाहेरून गिलावाच न केलेलं घर होतं. वरची एक खोली भाड्यानं द्यायची होती. मी सिल्लोडहून दोन पिशव्या घेऊन आलेली, एका संघटनेत पूर्णवेळ कामाला लागलेली आणि जगातला प्रत्येक घरमालक मुळात लबाडच असतो अशी पक्की खात्री असलेली. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. वर मध्यभागी ‘नोटीस’. खाली ‘विषय : नळास पाणी येण्याचा दिवस निश्चित नसलेबाबत.’

“वाचा,” ते म्हणाले. “खाली ‘मिळाली’ लिहा, सही करा, वेळ टाका.”

“तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं की.”

“तोंडी बोललेलं हवेत जातं, ताई. उद्या तुम्हीच म्हणाल, मला कुणी सांगितलंच नाय.”

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. “करून टाक गं पोरी सही. लग्नात माझ्या गळ्यात हार घातला, तवाबी ह्यांनी पोच मागितली असती, पण तिथं टेबल नव्हतं.”

मी सही केली. एक प्रत मला मिळाली, एक त्यांनी फायलीत लावली. त्या प्रतीला ते ‘स्थळप्रत’ म्हणत. मग किल्ली मिळाली.

गल्लीत त्यांना सगळे नोटीसमामा म्हणायचे. एका सरकारी कचेरीत तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, लोकांच्या दारात जाऊन नोटीस देणं. माणूस घरात असला तर सही घ्यायची. नाही म्हणाला किंवा कुलूप असलं, तर दोन पंच उभे करून नोटीस दारावर डकवायची. त्यासाठी सायकलच्या हँडलला मैद्याच्या खळीचा डबा असे. निवृत्तीनंतर सायकल गेली, डबा राहिला. मामी त्यात लाल तिखट ठेवायच्या.

सवयी मात्र जशाच्या तशा राहिल्या. लग्नपत्रिका आली की मामा तिच्यावर ‘मिळाली’ आणि वेळ लिहीत, आणणाऱ्याला नाव विचारत. वर्तमानपत्रावर लिहीत. डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहीत. एकदा मी खाली भाजीचा डबा नेऊन दिला, तर दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो आत चिठ्ठी घेऊन : ‘शेवग्याची भाजी मिळाली. मीठ कमी.’ मला हसू यायचं. आमच्या संघटनेच्या कचेरीत मी त्यांची नक्कल करून दाखवायचे. आज ती नक्कल आठवली की तोंड कडू होतं, पण केली हे खरं आहे, म्हणून लिहून ठेवते.

*

निवृत्त झाल्यावर बहुतेक शिपाई देवाला लागतात. मामा विरुद्ध पक्षाला लागले. ज्यांच्या दारावर जन्मभर नोटिसा डकवल्या, त्यांची उत्तरं लिहून द्यायला ते बसले. रोज सकाळी ओट्यावर सतरंजी, पेन, कार्बन पेपर. कुणाची वीज तोडण्याची नोटीस, कुणाची जागा सोडण्याची, कुणाच्या मुलाला शाळेची. एक पैसा घेत नसत. घरमालकांबद्दलची माझी सगळी मतं या ओट्यानं दोन महिन्यांत मोडून काढली.

“माणूस नोटिशीनं मरत नाय,” ते प्रत्येकाला सांगत. “गप बसल्यानं मरतो. मुदतीत उत्तर द्या. वाकडंतिकडं द्या, पण द्या.”

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामगार, मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांनी आणलेल्या पत्रकांवर. त्यामुळं पत्रक लिहिणं हे मला जगातलं सर्वांत मोठं काम वाटायचं. एकदा मोठ्या तोऱ्यात माझं एक पत्रक मामांना वाचायला दिलं. घरांच्या हक्काबद्दल होतं. त्यांनी सावकाश वाचलं, कोपऱ्यात ‘मिळाले’ लिहिलं आणि म्हणाले, “भाषा लई गरम हाय. पण अर्ज कुठं द्यायचा, ते लिहिलंच नाय.”

मी म्हणाले, “मामा, हे अर्जाचं पत्रक नाही. हे लढ्याचं आहे.”

“मग लढा कुठं द्यायचा, ते तरी लिहा.”

हा माणूस असा का झाला, ते मला एका दुपारी जिन्यात बसून त्यांनीच सांगितलं. त्यांच्या नोकरीची शेवटची वर्षं होती. एका रस्त्याच्या कामात येणाऱ्या झोपड्यांना नोटिसा द्यायच्या होत्या. त्यात कडूबाई नावाच्या एका बाईची झोपडी होती. धनगराची बाई, नवरा वारलेला, चार-पाच शेळ्या. मामा गेले तेव्हा दाराला कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, लेकीच्या बाळंतपणाला लासूर स्टेशनला गेलीय, महिनाभर येणार नाही. नोटिशीची मुदत होती सात दिवस.

“मला माहीत व्हतं,” मामा म्हणाले. “ती येणार नाय हे माहीत व्हतं. कायद्यात लिहिलंय, कुलूप असलं तर डकवा. म्या डकवली. दोन पंच उभे केले, त्यांच्या सह्या घेतल्या. सगळं बरोबर केलं.”

महिन्यानं कडूबाई शेळ्या घेऊन परत आली तेव्हा तिथं सपाट जमीन होती. एका बाजूला पडलेल्या दारावर नोटीस अजून चिकटलेली होती. मामा म्हणाले, “खळ चांगली व्हती माझी. पावसात बी निघायची नाय.”

हे सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते. जिन्याच्या पायरीवरचं सिमेंट नखानं खरवडत होते.

*

कडूबाई मग नाल्याच्या काठच्या वस्तीत राहायला गेली. साठ-पासष्ट घरं. मामा निवृत्त झाल्यावर तिला शोधत तिथं गेले आणि त्यांनी तिला स्वतःची ओळख सांगितली. ती म्हणाली, “वळखलं की. शिपाईदादा.” बस, तेवढंच. चहा केला, शेळीच्या दुधाचा. मामांनी तिला विचारलं, तुझे कागद कुठंयत. तिनं देवाच्या फोटोमागून एक घडी काढली. सरकारी शिक्क्याचा कागद म्हणून तिनं तो देवामागं जपून ठेवला होता. ती नवी नोटीस होती, मुदत संपायला तीन दिवस राहिलेली.

त्या नोटिशीचं उत्तर हे मामांनी लिहिलेलं पहिलं उत्तर. तेव्हापासून त्या वस्तीचे सगळे कागद म्हणजे मामांची जबाबदारी. जुनी रेशनकार्डं, वीजबिलं, मतदारयादीची पानं, शाळेचे दाखले. त्या वस्तीला घरं मिळायची की हाकलून द्यायचं, हे एका गोष्टीवर ठरणार होतं : अमुक वर्षाच्या आधीपासून या शहरात राहतो, हे कागदावर दाखवता येतं की नाही. राहणं खरं असून चालत नाही. कागद खरा लागतो.

आणि कागद ठेवणार कुठं? ज्या घरात उंदीर येतो, धूर येतो, नाल्याचं पाणी येतं, त्या घरातल्या माणसाला सरकार वीस वर्षांपूर्वीचा कोरडा कागद मागतं. मी हे वाक्य एका पत्रकात लिहिलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

उपाय मीच काढला. मामांच्या फोनवर त्यांच्या नावानं मेल आणि ऑनलाइन स्टोरेजचं एकच खातं उघडून दिलं. प्रत्येक कागदाचा फोटो काढायचा, तो त्या खात्यात चढवायचा. फोन हरवला तरी फोटो जात नाहीत, हे मी त्यांना समजावलं. त्यांना ते फार आवडलं. त्यांनी त्याला नाव दिलं ‘वरचं दप्तर’. उन्हाळाभर घरोघर जाऊन त्यांनी फोटो काढले. घरटी एक फोल्डर, त्यावर घराचा नंबर. फोनमधली जागा संपायला लागली तेव्हा ‘जागा मोकळी करा’ हे बटण मीच दाखवलं. वरच्या दप्तरात गेलेले फोटो फोनमधून निघून गेले. दुसरी प्रत कुठं ठेवायची, हे मी सुचवलं नाही. आयुष्यभर प्रत्येक कागदाची स्थळप्रत ठेवणाऱ्या माणसाला मी म्हणाले, “मामा, आता कशाला? वर आहे ना सगळं.”

पुढच्या वर्षी नाल्याचं पाणी वस्तीत घुसलं. पत्र्याच्या पेट्या तरंगत गेल्या. वीसएक घरांचे मूळ कागद लगदा होऊन गेले, त्यात कडूबाईचं जुनं रेशनकार्ड होतं. मामांनी तिला फोनवर तिचा फोटो उघडून दाखवला. कार्ड, शिक्का, तारीख, सगळं दिसत होतं. तिनं काचेवरून अंगठा फिरवला तर फोटो एकदम मोठा झाला. ती घाबरून मागं सरकली आणि मग हसत सुटली. “अगं माय! वल्लं बी झालं न्हाई!”

*

फोनवर येणारा प्रत्येक मेसेज मामांच्या लेखी नोटीस होती. पाळत ठेवल्यासारखे ते वाचत. ‘आपले बक्षीस रोखले आहे’, ‘आपले सिमकार्ड बंद होणार’, ‘आपली वीज आज तोडण्यात येईल’. प्रत्येकाची वहीत नोंद, आणि मग मला फोन. “ताई, हे खरं का खोटं?” मी सांगायचे, खोटं. “उत्तर द्यायचं नाय?” नाही द्यायचं. “पण मुदत दिलीय की त्यांनी.” मामा, ती मुदतच खोटी आहे.

हे त्यांना पटत नसे. मुदत खोटी असू शकते, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसायला जागाच नव्हती. तीस वर्षांत त्यांनी कागदावरच्या तारखेप्रमाणं खरोखर घरं पडलेली पाहिली होती.

दिवसाला दोन-तीन फोन यायला लागले. एकदा मी वैतागले. “मामा, तुम्ही अख्ख्या गल्लीला नोटिसा वाचायला शिकवता. दर मेसेजला मला कशाला विचारता? स्वतः वाचा, कळेल तुम्हाला.”

ते म्हणाले, “बरं.”

त्या दिवशी क्रांती चौकात आमची सभा होती. माझं भाषण होतं. गरिबांकडं पुरावे मागणाऱ्या व्यवस्थेबद्दल. माईकपाशी उभी होते तेव्हा खिशात फोन थरथरला. मामा. मी कट केला. थोड्या वेळानं पुन्हा. पुन्हा कट केला. मग फोन आला नाही.

मामांना अकरा वीसला एक मेल आला होता. वहीत तशी नोंद आहे : ‘मिळाली, ११.२०’. मेल होता वरच्या दप्तराबद्दल. वर कंपनीचं चिन्ह, त्याखाली लाल अक्षरात ‘अंतिम सूचना’, एक लांबलचक संदर्भ क्रमांक. आपली जागा पूर्ण भरली आहे. चोवीस तासांत कार्यवाही न केल्यास आपले सर्व फोटो व फाइली कायमच्या नष्ट करण्यात येतील. खाली निळं बटण.

मामांच्या फोनमध्ये उरलेला तो मेल मी नंतर नीट बघितला. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात कंपनीचं नावसुद्धा नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे कोंबले होते. वरच्या दप्तराची जागा अर्धीही भरलेली नव्हती, स्वतः खातं उघडून एकदा बघितलं असतं तर दिसलं असतं. मला ते दहा सेकंदांत कळलं असतं. पण मला विचारायला फोन आला होता, आणि मी गरिबांबद्दल बोलत होते.

मामांनी तो मेल तीन वेळा वाचला. विषय होता, संदर्भ होता, कारण होतं, मुदत होती. नोटिशीत जे जे लागतं ते सगळं होतं. मुदतीत उत्तर न देण्याचं पाप त्यांना माहीत होतं. त्यांनी बटण दाबलं. कंपनीच्या पानासारखंच पान उघडलं. त्यांनी पासवर्ड दिला. फोनवर आकडे आले, तेही दिले. आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून मेलला लेखी उत्तर टाइप केलं. ते उत्तर त्यांनी आधी वहीत लिहून काढलं होतं, म्हणून माझ्याकडं आहे :

‘महोदय, आपली नोटीस मिळाली. सदर फाइली माझ्या वैयक्तिक नसून नालाकाठच्या वस्तीतील कुटुंबांच्या आहेत. त्यांची सुनावणी अद्याप व्हावयाची आहे. तरी कृपया नष्ट करू नयेत, ही नम्र विनंती. पोच मिळावी.’

पोच मिळाली नाही. दुपारपर्यंत खातं बंद झालं. पासवर्ड बदललेला, खात्याला जोडलेला फोन नंबर बदललेला. संध्याकाळपर्यंत मामांच्या नावानं तसलाच मेल त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांना गेला. मलाही आला. वर लिहिलं होतं, अंतिम सूचना.

*

खातं परत मिळवायला आम्ही पंधरा दिवस झटलो. तक्रार केली, ती नोंदवून घेतली गेली. कंपनीच्या पानावर फॉर्म भरला. प्रत्येक वेळी एकच उत्तर : हे खाते आपलेच आहे याची आम्हाला खात्री पटलेली नाही.

मामा तो मजकूर बघत बसले. मग हसले. मला त्यांचं ते हसू विसरता येत नाही. “तीस वर्षं म्या लोकांना विचारलं, तू तूच कशावरून? दाखव कागद. आता मशीन मला विचारतंय.”

मग ते म्हणाले, “ह्या कंपनीची कचेरी कुठं हाय? तिथं जाऊन अर्ज देतो. आवक-जावकवाला तर आसंल.”

“मामा, तिथं कुणी बसत नाही.”

“कुणीच नाय?”

“आपल्यासाठी नाही.”

“दार नसलेली कचेरी,” ते म्हणाले. “आन आपण तिला दप्तर म्हणत व्हतो.”

चोरांना त्या फोटोंचं काही पडलेलं नव्हतं. रेशनकार्डाच्या त्या फोटोंत त्यांना विकण्यासारखं काय होतं? त्यांना हवं होतं एक खातं, अजून चार लोकांना फसवायला. वीस घरांचा पुरावा हा त्यांच्या लेखी कचरा होता, जाता जाता लाथ मारलेला. याचाच मला सर्वांत जास्त संताप येतो. दुश्मनानं निदान दुश्मनी तरी करावी.

वस्तीला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. मी म्हणाले, “मी बोलते. सभा घेऊ. खातं चोरीला गेलं एवढंच सांगू. तुम्ही बटण दाबलं हे सांगायची गरज नाही.”

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्याकडं पंचाची खोटी सही मागितली होती. “गरज नाय? मग नोटिशीत कारण काय लिहू?”

त्यांनी घरटी एक नोटीस टाइप केली. ‘विषय : खाली सही करणाऱ्याच्या चुकीमुळे आपले कागद गमावलेबाबत.’ मामींनी डब्यातलं तिखट दुसऱ्या बरणीत काढलं आणि डबा धुऊन दिला. मामांनी मैद्याची खळ शिजवली. दुपारी ते वस्तीत गेले. मीही गेले. प्रत्येक दारात उभं राहून त्यांनी नोटीस वाचून दाखवली आणि पोच घेतली. कुणी शिव्या घातल्या. एकानं कॉलर धरली. मामांनी कॉलर सोडवून घेतली नाही. तो सोडेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, “सही इथं.” दोघं-तिघं मात्र म्हणाले, जाऊ द्या मामा, तुम्ही काय मुद्दाम केलं? तेव्हा त्यांचा चेहरा कॉलर धरल्यापेक्षा जास्त पडला.

कडूबाई शेळीपुढं पाला टाकत होती. मामांनी वाचून दाखवलं. तिनं पूर्ण ऐकलं.

“म्हंजी माजं कारड गेलं?”

“व्हय.”

“काचंतलं बी?”

“ते बी.”

तिनं हात झटकले. “म्या न्हाई घेत ही नोटीस.”

पोच नाकारली की काय करायचं, हे मामांना झोपेतही माहीत होतं. दोन पंच, खळ, दार. डबा त्यांच्या हातातच होता. ते तसेच उभे राहिले. मग मटकन उंबऱ्यावर बसले.

कडूबाईनं त्यांच्याकडं बघितलं. आवाज चढवला नाही. “चिकटवा की, शिपाईदादा,” ती म्हणाली. “मागल्या बारीला बी तुमीच चिकटवली व्हती. दार हाय तवर चिकटवून घ्या.”

मामांनी नोटीस डकवली नाही. त्यांच्या फायलीतली ही एकच नोटीस अशी आहे, जिच्यावर ना सही आहे ना पंचनामा.

*

त्यानंतर त्यांनी एक पत्रक लिहिलं. आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं. माझ्याकडं आणून दिलं, म्हणाले, “तुमच्या संघटनेनं छापावं.” मजकूर असा होता :

‘मी तीस वर्षे नोटिसा वाटल्या. तरी खोट्या नोटिशीला फसलो. तुम्ही फसू नका. खरी नोटीस आणणाऱ्याला नाव विचारता येते. जिच्यामागे माणूस नाही, तिला उत्तर देऊ नका. फोनवर आलेल्या नोटिशीतील बटण दाबू नका. शंका असेल तर ती नोटीस बाजूला ठेवून आपले खाते आपल्या हाताने उघडा व जागा भरली आहे का ते बघा. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता वाचा. पासवर्ड व फोनवर आलेले आकडे कुणालाही देऊ नका, कंपनीलासुद्धा. जो घाई करतो तो चोर समजा. प्रत्येक कागदाची प्रत दोन ठिकाणी ठेवा. आणि विचारायला लाजू नका. उत्तर मिळेपर्यंत विचारा.’

शेवटचं वाक्य वाचून मी मान वर केली नाही.

आमच्या बैठकीत पत्रक ठेवलं. एक ज्येष्ठ साथी म्हणाले, विषय बरा आहे, पण यात व्यवस्थेचं विश्लेषण नाही. दुसरे म्हणाले, आपलाच माणूस फसला हे छापणं सुनावणीच्या तोंडावर बरं दिसत नाही. तिसरा हसला, त्यानं मी करायचे तशी मामांची नक्कल केली. माझ्याकडूनच शिकला होता. सगळे हसले. मी भांडले, पण छापण्याचा ठराव पडला. ज्यात लोकांनी नेमकं काय करायचं ते लिहिलं होतं, असं आमच्या टेबलावर आलेलं ते एकमेव पत्रक होतं.

मामांनी ते स्वतः झेरॉक्स करून आणलं. स्टेशनवर, भाजीबाजारात, रिक्षा थांब्यावर वाटलं. घेणाऱ्याकडून पोच मागितली. लोकांनी वेड्यात काढलं.

सुनावणीत वीसपैकी काही घरांनी कुठून कुठून दुसरे कागद पैदा केले. कडूबाईला ते जमलं नाही. तिच्या नावापुढं लिहिलं गेलं, ‘पुराव्याअभावी अपात्र’. मामा त्या दिवशी तिच्या वतीनं दीड तास बोलले. साहेब चांगला होता, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तुम्ही म्हणता ते खरंही असेल हो. कागद आणा.” हेच वाक्य मामांनी किती दारांत म्हटलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

झोपडी पाडायला आले त्याच्या आदल्या सकाळी मी कामावर निघाले होते. मामा जिन्याच्या पायथ्याशी उभे होते. हातात टाइप केलेला कागद.

‘विषय : वरची खोली रिकामी करून मिळणेबाबत. कारण : सदर खोली श्रीमती कडूबाई यांस राहण्यास देणे आहे. मुदत : तीस दिवस.’

भाडेकरूचे हक्क मला तोंडपाठ होते. त्यावर मी एक पत्रक लिहिलं होतं.

“उत्तर द्यायचं आसंल तर द्या, ताई,” ते म्हणाले. “हक्क हाय तुमचा. मुदतीत द्या.”

“त्यांना विचारलं का?”

“रीतसर कळवलं. हरकत आली त्यांची.”

“कसली?”

“शेळ्या कुठं बांधू म्हणाल्या.” त्यांनी अंगणाकडं बोट दाखवलं. मामींची तुळस आणि कुंड्या भिंतीकडं सरकवलेल्या होत्या, मध्ये एक नवा खुंटा ठोकलेला होता. “हरकत मान्य केली.”

“आणि माझ्यावर राग आहे का मामा?”

त्यांनी विचार करून उत्तर दिलं. “तुम्हीबी कामातच व्हता.”

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी जिन्याच्या कठड्यावर कागद धरला. ‘मिळाली’ लिहिलं, सही केली, वेळ टाकली. खाली लिहिलं, ‘हरकत नाही.’ त्यांनी स्थळप्रत स्वतःकडं ठेवली आणि दुसरी प्रत माझ्या हातात दिली. तोवर कडूबाई खाली मामींजवळ राहिली; मी विसाव्या दिवशी खोली सोडली.

आता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. पत्रकं लिहिते. खाली अर्ज कुठं द्यायचा तेही लिहिते. मामांच्या त्या दोन फोनांची नोंद माझ्या फोनमध्ये होती, अकरा बावीस आणि अकरा एकतीस. तिचा फोटो काढून मी दोन ठिकाणी ठेवला आहे. दोन्ही नोटिसा मला रीतसर मिळाल्या होत्या, आणि मुदत नऊ मिनिटांची होती.